ड्रेनेज गळतंय? सांध्याच्या आधी पाईपाचं अंथरूण बघा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका सोसायटीत मी ड्रेनेज लाइनचा एकच सांधा तीनदा दुरुस्त केला आहे. पहिल्यांदा नुसत्या सिमेंटने, दुसऱ्यांदा त्यात वॉटरप्रूफिंगचं औषध घालून, तिसऱ्यांदा भोवती काँक्रीटचा ठोकळा भरून. तिन्ही वेळा काम दिवाळीनंतर केलं. उन्हाळाभर सगळं कोरडं, आणि आषाढ लागला की सेक्रेटरी काकांचा फोन ठरलेला: "मिस्तरी, परत ओल आली हो." चौथ्या वर्षी मी सांध्याकडे बघणं सोडलं आणि त्याच्या खालची माती हातात घेतली. काळीभोर, ओल्या साबणासारखी. पाईप चांगला होता. त्याचं अंथरूण हलत होतं.

आपल्या नाशिकला खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, आणि बऱ्याच भागांत त्याच्याही वर काळी माती. ही माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये इतकी आकसते की भेगेत बोटं जातात. तिच्यावर थेट टाकलेली ड्रेनेज लाइन दरवर्षी थोडी वर जाते, थोडी खाली बसते. पाईप ते सहन करतो, सिमेंटचा कडक सांधा करत नाही. मी घातलेला ठोकळा तर आणखी वाईट ठरला. तो आपल्या वजनाने खाली बसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे धड असलेले सांधे उघडे पडले. तेव्हापासून मी काम उलट्या बाजूने करतो. आधी माती, मग उतार, आणि सांधा सगळ्यात शेवटी. सोसायटीच्या किंवा बंगल्याच्या आवारातली, म्हणजे घरापासून रस्त्यातल्या मॅनहोलपर्यंतची लाइन डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. रस्त्यातली मुख्य लाइन महापालिकेची असते. तिला हात लावायचा नाही, आणि रस्ता फोडायचा असेल तर आधी महापालिकेची खोदाईची परवानगी घ्यायची.

माणूस आत उतरवायचा नाही

हे पहिल्यांदा सांगतो, कारण बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात, हे चुकलं तर माणूस जातो. मॅनहोल, सेप्टिक टँक, खोल चेंबर, कशातही माणूस उतरवायचा नाही. "पाचच फूट आहे, दोन मिनिटांचं काम आहे" असं म्हणणारा गिऱ्हाईक दर वर्षी एक तरी भेटतोच. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास मारतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे हवा चांगली झाली, असं समजून माणसं उतरली आहेत. जुने लोक दोरीने कंदील सोडून बघायचे. आत मिथेन साठलेला असेल तर तोच कंदील भडका उडवतो. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करवून घेण्यावर बंदी आहे. अशा मृत्यूला द्यायची भरपाई सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तुंबलं असेल तर जेटिंग (जोराच्या पाण्याने लाइन धुणं) आणि सक्शनची (गाळ ओढून घेणारी) गाडी बोलवा. बघायचं असेल तर कॅमेरा सोडा.

खणलेल्या चराचंही तसंच. पाच फुटांपेक्षा खोल गेलात की दोन्ही बाजूंना फळ्या आणि आडव्या टेकू लावायच्या. काळ्या मातीत तर चारच फुटांवर लावा. ती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि एक सर पडली की न सांगता कोसळते. काढलेली माती काठापासून तीन फूट लांब टाका.

खणण्याआधी

गळती कुठे आहे हे लाइनवरची जमीन बरंच काही सांगते. पेव्हर ब्लॉक एका रेषेत दबलेत का? बाकी गवत वाळलं तरी एकाच पट्ट्यात हिरवं राहतंय का? चेंबरच्या कडेला घुशीचं बीळ आहे का? घुशीच्या बिळाला मी कॅमेऱ्याइतकंच मानतो. उघड्या सांध्यापाशी तिला पाणीही मिळतं आणि अन्नही, त्यामुळे ती बरोबर तिथेच खणते, आणि तिने माती काढली की पाईप आणखी खाली बसतो. बोअरच्या पाण्याला वास येत असेल तर मात्र थांबू नका, बोअर बंद करून पाणी तपासायला द्या.

लोकांना गळती म्हणजे बाहेर येणारं पाणी एवढंच वाटतं. पावसाळ्यात याच्या उलटं होतं. जमिनीतलं पाणी उघड्या सांध्यातून पाईपात शिरतं आणि येताना माती घेऊन येतं. पाईपाच्या भोवती पोकळी होते, मग एक दिवस टेम्पो उभा केला की चाक खाली जातं. रात्री दोनला, सगळे झोपलेले असताना, शेवटच्या चेंबरचं झाकण उघडून बॅटरी मारा. स्वच्छ पाण्याची धार वाहत असेल तर एकतर कोणाचा फ्लश गळतोय, नाहीतर जमीन पाणी देतेय. पावसाळ्यात वाहते आणि मार्चमध्ये बंद होते, म्हणजे जमीनच.

आता चाचण्या. सगळ्यात स्वस्त आरसा आणि बॅटरी. दोन चेंबरमधली लाइन धुवून घ्या, एका टोकाला काठीला बांधलेला आरसा तिरका धरा, दुसऱ्या टोकाने बॅटरी मारा. पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ आहे. अर्धा चंद्र दिसला तर मध्ये पोट पडलंय, म्हणजे लाइन खाली लोंबलीय. काहीच दिसत नसेल तर मूळ, दगड किंवा तुटलेला पाईप. दुसरी चाचणी चेंडूची: पाईपाच्या आतल्या मापापेक्षा १३ मिलिमीटर लहान गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाने सोडायचा. ६ इंची म्हणजे १५० च्या पाईपाला १३७ चा. तो आपोआप खालच्या टोकाला आला पाहिजे. कुठे अडकला ते दोरीने मोजता येतं.

पाणी भरून चाचणी केली की गळती आहे की नाही याचा वाद मिटतो. खालच्या टोकाला रबरी टेस्ट प्लग (पाईपाचं तोंड बंद करणारं बूच), वरच्या टोकाला प्लगमधून बेंड आणि उभा पाईप. चेंबरमध्येच पाणी भरू नका, नाहीतर चेंबरची भिंत गळतेय की पाईप, ते कळत नाही. पाणी भरून आधी थोडा वेळ थांबा, जुना पाईप आणि सिमेंट पाणी पितात. मग खूण करा आणि दहा मिनिटांत किती पाणी घालावं लागलं ते मापाने मोजा. नव्या लाइनला चालणारं प्रमाण असं आहे: व्यासाच्या दर सेंटिमीटरला, दर किलोमीटरला, दहा मिनिटांत दोन लिटर. ६ इंची, २० मीटर लाइनला हिशेब केला तर ६०० मिली येतात. जुनी लाइन थोडी जास्त पिईल, पण बादलीभर प्यायली तर सांधे गेलेत. पाण्याची पातळी तळमजल्याच्या नहाणी ट्रॅपच्या खालीच ठेवा. आणि हे सगळं दुपारी अकरा ते तीनमध्ये, सगळ्यांना आधी सांगून. सकाळी सातला प्लग लावणारा एक प्लंबर मी पाहिलाय. तळमजल्यावरच्या आजींनी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोणाची लाइन कुठे जाते ते शोधायला रंग वापरतात. पोटॅशियम परमँगनेट घेऊ नका, मैल्यात त्याचा जांभळा रंग लगेच मरतो. रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारून झाल्यावर उरलेला रंगपंचमीचा रंगही नको. त्यातले बरेच रंग विरघळत नाहीत, गाळात बसतात. पाण्यात विरघळणारा हिरवा चमकता फ्लुरोसिन रंग चिमूटभर पुरतो.

एवढं करून संशय उरला तर कॅमेरा. वायरच्या टोकाला असलेला छोटा कॅमेरा १५-२० मीटर सहज जातो आणि त्यात बीकन (जागा कळवणारा सिग्नल) असेल तर वरून रिसीव्हर फिरवून नेमकी जागा खडूने आखता येते. कॅमेऱ्याचं भाडं जास्त वाटतं, पण चुकीच्या जागी खणलेला एक चर त्याहून महाग पडतो. कॅमेरा घालण्याआधी लाइन जेटिंगने धुवायचीच. न धुता घातला तर फक्त गाळाचा व्हिडिओ मिळतो, आणि त्याचेही पैसे द्यावे लागतात.

खणून दुरुस्ती

आपल्या जुन्या कॉलन्यांत बहुतेक ठिकाणी स्टोनवेअरचा पाईप निघतो. चिनी मातीचा, आत झिलई असलेला. पाईप म्हणून तो उत्तम. ॲसिडलाही दाद देत नाही. पण एकेक नग छोटा, त्यामुळे सांधे फार, आणि सांध्यात डांबरी सुतळी आणि सिमेंट. एखाददुसरा सांधा गेला असेल तर तेवढाच भाग बदलायचा, सलग चार-पाच गेले असतील तर दोन चेंबरमधली पूर्ण लाइन. अर्धी जुनी, अर्धी नवी ठेवण्याची काटकसर मी केली आहे, ती फळत नाही.

नवीन पाईप घेताना दुकानात "जाड पीव्हीसी द्या" म्हणू नका. जमिनीखालच्या ड्रेनेजसाठी आयएस (भारतीय मानक) १५३२८ चा पाईप मागा. भिंतीवरून उतरणारा एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी, पावसाचं पाणी नेणारा) पाईप आयएस १३५९२ चा असतो, तो इमारतीच्या कामाचा. चरात मातीच्या ओझ्याखाली तो चपटा होतो. आणखी एक गोम: स्टोनवेअरचं माप आतलं असतं, पीव्हीसीचं बाहेरचं. १५० चा स्टोनवेअर आणि १६० चा पीव्हीसी हे कागदावर जवळचे वाटतात, समोर ठेवले की एकमेकांत बसत नाहीत. दोघांना जोडायला स्टीलच्या पट्ट्यांचं रबर कपलिंग घ्या, दोन्ही बाजूंची बाहेरची मापं कॅलिपरने किंवा दोरीने घेऊन. रबर घेण्याचा फायदा हाच की माती हलली तर तेही थोडं हलतं.

आता अंथरूण. इथे घाई करायची नाही. पाईपाच्या तळापासून खाली आणखी ६ इंच खणा. काळी माती असेल तर ९ इंच, आणि ती पूर्ण उचलून बाहेर टाका. तळाला मऊ जागा लागली तर मुरूम भरून धुम्मसने (माती ठोकायच्या जड अवजाराने) ठोका. त्यावर ४ ते ६ इंच क्रशरवरची कच (दगडाचा बारीक चुरा) पसरा. डबर, विटांचे तुकडे, जुन्या प्लास्टरचे डिखळे यांतलं काहीही पाईपाला टेकता कामा नये. एका टोकदार दगडावर टेकलेला पाईप दोन पावसांत तिथेच तडकतो.

प्रत्येक सॉकेटखाली, म्हणजे पुढचा पाईप ज्यात बसतो त्या रुंद तोंडाखाली, ओंजळभर खड्डा करा. नाहीतर पाईप सॉकेटांवर उभा राहतो, मधला भाग अधांतरी, आणि वरून माती पडली की वाकतो. घरात खाट आणि भिंतीमध्ये गादी लोंबकळावी तसं. काम खालच्या टोकापासून वर न्यायचं, सॉकेटचं तोंड चढाच्या बाजूला. रबर रिंगला पाईपाबरोबर मिळणारं वंगण किंवा साबणाचं पाणी लावा, इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं.

उतारासाठी जुना हिशेब मला अजून पुरतो: ४ इंची पाईपाला ४० त एक, ६ इंचीला ६० त एक. म्हणजे ६ इंची २० मीटर लाइनला साधारण ३३ सेंटिमीटर ढाळ. पाण्याच्या लेव्हल नळीने दोन्ही चेंबरचे तळ आधी मोजा. रस्त्यातला मॅनहोल वर असल्यामुळे एवढा ढाळ मिळत नसेल तर मिळेल तो सगळीकडे सारखा वाटा. सुरुवातीला भरपूर उतार देऊन शेवटी सपाट केलेली लाइन शेवटच्या पाच फुटांत तुंबते.

ढाळ दोरी लावून तपासला की पाईपाच्या दोन्ही कुशीत कच हाताने सारून पायाने दाबा. पाईपाला खरा आधार कुशीतून मिळतो. वरून कितीही दाबलं तरी तिथे पोकळी राहिली तर पाईप चपटा होणारच.

चेंबर

माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी चेंबरच्या भिंतीपाशी निघतात. चेंबर जड, पाईप हलका, दोघं वेगवेगळे खाली बसतात आणि पाईप भिंतीत जिथे शिरतो तिथे मोडतो. म्हणून भिंतीतून बाहेर निघाल्यावर लगेच एक छोटा, दोन फुटांचा तुकडा टाकतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना रबर रिंगचा सांधा. भिंत बसली तरी तो तुकडा बिजागरीसारखा वळतो. इंदिरानगरच्या त्या सोसायटीत शेवटी हेच केलं.

पीव्हीसी पाईप भिंतीत बसवताना सिमेंट त्याला धरत नाही, तो फार गुळगुळीत. जेवढा भाग भिंतीत जाणार त्याला पीव्हीसी चिकटवायचं सॉल्व्हंट लावा, ओला असतानाच कोरडी वाळू भुरभुरवा, वाळला की मग बसवा. आता सिमेंट धरतं.

बाहेरून पाणी झिरपणारं चेंबर असेल तर झिरपणाऱ्या जागेवर थेट प्लास्टर मारू नका, पाणी ते ढकलून देतं. भिंतीत बोटाएवढी नळी खोचून सगळं पाणी तिच्यातून वाहू द्या. बाकीची भिंत झटपट घट्ट होणाऱ्या वॉटर प्लग सिमेंटने बंद करा, प्लास्टर वाळू द्या, आणि शेवटी नळी काढून ते एकच भोक हातात घट्ट होत आलेला गोळा दाबून बुजवा. तळाची नाली अर्धगोल आणि घोटून गुळगुळीत करा, दोन्ही बाजूंच्या कडांना नालीकडे ढाळ द्या. तिथे कोपरा राहिला की मैला थांबतो.

हे सगळं चेंबर उथळ असेल आणि वरून हात पोचत असेल तरच. हात पोचत नसेल तर वरचं बांधकाम उतरवून, चर मोकळा करून काम करा.

न खणता दुरुस्ती कधी

दहीपूल, सराफ बाजाराकडच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना वाड्यांच्या जुन्या भिंती. तिथे सहा फूट खणलं तर पाईपाआधी पाया उघडा पडेल. अशा ठिकाणी आतून अस्तर देणं शहाणपणाचं. रेझिनमध्ये भिजवलेली नळी पाईपात सारायची, हवेने किंवा पाण्याने फुगवून आतल्या भिंतीला चिकटवायची, गरम पाणी, वाफ किंवा अतिनील दिव्याने ती कडक करायची. जुन्या पाईपात नवा पाईप तयार. १९७१ मध्ये लंडनमध्ये एरिक वूड या इंजिनिअरने हे पहिल्यांदा केलं. एकच तडा असेल तर त्याचीच छोटी आवृत्ती, फायबर ग्लासचा पॅच, फुग्यावर गुंडाळून नेमक्या जागी दाबतात. सांधे नुसते झिरपत असतील आणि पाईप धड असेल तर दोन फुग्यांच्या मध्ये सांधा धरून बाहेरच्या मातीत पॉलियुरेथेनचं ग्राउट (फट भरणारं रसायन) दाबतात. पाईपाचे तुकडेच झाले असतील तर जुना पाईप आतून फोडत त्याच वाटेने नवा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाईप ओढतात. शेजारी पाण्याची लाइन अगदी चिकटून असेल तर हे नको.

सिमेंटच्या ह्यूम पाईपाचा वरचा अर्धा भाग खाल्लेला दिसेल तर तो मैल्यातल्या वायूचा प्रताप. हायड्रोजन सल्फाइड वरच्या ओलसर भिंतीला लागतो, जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि सिमेंट भुसा होतं. त्यावर सिमेंटचाच गिलावा करून उपयोग नाही, अस्तर द्या.

पण एक लक्षात ठेवा. अस्तराने भेग बुजते, पोट जात नाही. आरशात अर्धा चंद्र दिसलेल्या लाइनला अस्तर लावलं तर पोटाला अस्तर लागतं, एवढंच. मुळांचंही असंच. पिंपळ, उंबर, वड यांची मुळं कटरने कापली की लाइन वाहते, पण सांधा उघडाच राहिला तर ती परत येतात, पहिल्यापेक्षा दाट. कापल्यावर लगेच अस्तर किंवा नवा पाईप.

गच्चीचं पाणी, प्यायचं पाणी

पावसात झाकण उडून मैला वर येत असेल तर गळती शोधण्याआधी गच्चीचे पाईप बघा. कोणीतरी सोय म्हणून ते ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेले असतात. ते तोडून पावसाळी गटारात किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यात घ्या. ते पाणी तपोवन किंवा आगर टाकळीच्या मलशुद्धीकरण केंद्रापर्यंत नेऊन शुद्ध करण्यात कोणाचंच भलं नाही.

प्यायच्या पाण्याची लाइन ड्रेनेजपासून तीन मीटर लांब हवी. आपल्या आवारांत एवढी जागा नसते, तेव्हा निदान ती वरच्या पातळीवर घ्या आणि दोघी एकमेकींना ओलांडतात तिथे पाण्याच्या लाइनला सांधा ठेवू नका. नळ ठरावीक वेळीच येतो. पाणी गेल्यावर रिकामा पाईप आत ओढतो, आणि बाजूला मैल्याची ओल असेल तर तीच ओढतो. काविळीची साथ आली की मी आधी हेच विचारतो.

बुजवताना

माती लोटण्याआधी पाण्याची चाचणी पुन्हा घ्या, सगळे सांधे उघडे असतानाच. टेप पसरून फोटो काढा: इमारतीच्या कोपऱ्यापासून किती फूट, किती खोल. एक प्रत सोसायटीच्या फाइलला, एक माझ्या वहीत. पाईपाच्या वर एक फूट कच किंवा चाळलेला मुरूम, त्यापुढे ६-६ इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून ठोकायचा. पाईपावरच्या पहिल्या फुटात मशीन नको, हातधुम्मस पुरे. काढलेली काळी माती परत भरायची नाही. ती बागेत टाका, गुलाबाला छान.

खणायचं काम दिवाळी ते गुढीपाडवा, या मधल्या काळात उरका. पेव्हर ब्लॉक बसवताना सिमेंट लावू नका, नुसत्या कचीवर ठेवा. श्रावण सरला की ते उचलून, खाली बसलेल्या जागी कच भरून पुन्हा लेव्हल करायचे आहेत, आणि त्या फेरीची मजुरी कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या.